पाय लायनीवर होता

हणमंतरावांची ओळख मला आधी आवाजाने झाली. माणूस मागाहून भेटला.

यशवंतपुरात आम्ही नवीन बिऱ्हाड केलं त्यानंतरचा पहिला रविवार. शुभदा सामानाची खोकी फोडत होती आणि मी, मदत करतोय असं वाटावं इतपत जवळ, बाल्कनीत चहा पीत उभा होतो. एवढ्यात खालून कुठूनतरी आरोळी आली, "पाय लायनीवर होता!"

बंगळूरमध्ये मराठी कानावर पडतच नाही असं नाही. पण ते बहुधा दुकानात, भाव ऐकल्यावर, नवऱ्याच्या कानाशी कुजबुजलेलं असतं. हे मराठी मोकळ्या मैदानातलं होतं. मी वाकून बघतोय तोवर पलीकडून, जरा बारीक पण तितक्याच हट्टी आवाजात उत्तर आलं, "पांढऱ्या बुटावर पांढरा चुना दिसला म्हणे याला!"

"पाय, बूट, चुना," शुभदा आतून म्हणाली, "खाली पंचनामा चाललाय का बघ जरा."

मी खाली गेलो. आमच्या इमारतीच्या मागेच बास्केटबॉलचं कोर्ट आहे हे घर दाखवणाऱ्याने सांगितलं नव्हतं. कोर्टाच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या लांब पायऱ्या, प्रेक्षकांसाठी. या अंगाच्या पायऱ्यांवर एक म्हातारा. त्या अंगाच्या पायऱ्यांवर दुसरा. बाकी सगळं सिमेंट. मधे कोर्टावर कोचिंगची मुलं चेंडू आपटत होती आणि त्यांच्या डोक्यांवरून या दोघांचं भांडण इकडून तिकडे जात होतं. मुलं मान वर करूनही बघत नव्हती. घरात रेडिओ सदा चालू असला की घरचे तो ऐकेनासे होतात, तसं झालं होतं त्यांचं.

मी या अंगाच्या पायऱ्यांवर बसलो, कारण त्या जवळ होत्या. एवढ्यावर माणसाचा पक्ष ठरतो हे मला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि सगळी पायरी रिकामी असताना सरकून मला जागा केली.

"बसा. आपल्या बाजूला आलात, बरं झालं. स्वल्प वर सरका, तिथं कबुतरं घाण करतात."

"तुम्ही मराठी?"

"म्हणजे काय! तुम्ही कधी आलात बंगळूराला?"

"झाले चार-पाच दिवस. पुण्याहून."

"आम्ही शहाजीराजांबरोबर आलो," ते म्हणाले. ते सकाळच्या गाडीने आले आणि माझी दुपारची गाडी जरा लेट झाली, असा सूर होता. मग म्हणाले, "मी हणमंतराव. काका नका म्हणू, अण्णा म्हणा. काका म्हटलं की इथं कुणाचं लक्ष जात नाही."

"आणि ते समोर कोण?"

"तो? येलहंका."

"नाव काय त्यांचं?"

"सांगितलं की. येलहंका." त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "शत्रूला नाव नसतं, अण्णा. गाव असतं."

हे 'अण्णा' मला उद्देशून होतं. बंगळूरची हीच गंमत आहे. ज्याला अण्णा म्हणावं तो उलटून आपल्यालाच अण्णा म्हणतो आणि वयाचा प्रश्न तिथेच मिटतो.

हणमंतरावांनी सबंध आयुष्य यशवंतपूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारण्यात घालवलं. लॉऱ्यांचे हॉर्न, हमालांच्या हाका आणि दीडशे व्यापाऱ्यांची एकमेकांत चाललेली खुसपुस, या सगळ्यावरून आवाज पलीकडे न्यायचा हा धंदा. तो आवाज संध्याकाळी रिकामा असे. तेव्हा तो ते या कोर्टावर आणत आणि 'जंक्शन बॉईज' नावाच्या आमच्या क्लबला देत. (आमच्या म्हणजे, मी त्या पायऱ्यांवर बसलो ना.) स्वतः ते कधीच खेळले नाहीत. बास्केटबॉल हा उंचांचा खेळ आणि हणमंतरावांना घरातल्या वरच्या कप्प्यातलं सामानही सकवारबाई काढून देत. सकवारबाई त्यांची बायको. त्या गेल्याला सहा वर्षं झाली आणि वरच्या कप्प्यात काय आहे हे आता त्या घरात कुणालाच माहीत नाही.

"खेळणारे पाचच असतात," हणमंतराव मला म्हणाले होते, "पण हरायला माणसं लागतात."

ती माणसं त्या काळी भरपूर होती. यशवंतपूरची जंक्शन बॉईज आणि येलहंक्याची ओल्ड टाऊन, या दोन टीमची दरवर्षी नोव्हेंबरात ट्रॉफीसाठी गाठ पडे. त्या दिवशी इकडच्या पायऱ्यांवर यशवंतपूर आणि तिकडच्या पायऱ्यांवर येलहंका. एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला पाणी प्यायलाही जात नसे. नावं कुणी घेत नसे. "काय रे येलहंका, आणलंस का रडायला फडकं?" असं सगळ्या गावाला एकवचनात विचारायचं. एकदा हणमंतरावांचा सख्खा मेहुणा तिकडे जावई म्हणून गेला आणि त्या नोव्हेंबरात तिकडच्या पायऱ्यांवर बसला. हणमंतरावांनी त्यालाही "काय रे येलहंका" असंच म्हटलं. सकवारबाई घरी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुम्हाला नातेवाईक सांभाळता येत नाहीत, शत्रू मात्र पोटच्या पोरासारखे सांभाळता."

ते खरंच होतं. जंक्शन बॉईजचे पाच गडी आठवायचे म्हटलं की हणमंतराव बोटांवर मोजत, चौथ्यावर अडत. पण येलहंक्याचे? ते झोपेतून उठवलं तरी सांगत. त्यांच्या उंच गड्याला हे लोक 'कंब' म्हणत. कन्नडमध्ये कंब म्हणजे खांब. तो रिंगखाली उभा राहिला की आपल्या पोरांना रिंग दिसायचीच बंद होई. एक होता 'इस्त्री'. तो आपल्या गड्याच्या अंगाला असा चिकटे की शर्टाची सुरकुती जाई. आणि सगळ्यात वाईट, म्हणजे सगळ्यात लाडका, तो नंदकिशोर. डावखुरा. त्याला मात्र टोपणनाव नव्हतं.

"त्याला नाव ठेवायला सुचलंच नाही कधी," हणमंतराव म्हणत. "डाव्या हातानं असा चेंडू सोडायचा, की आमच्यातला एक रेल्वेवाला म्हणायचा, ह्याला यशवंतपुरात जन्माला घालायला काय झालं होतं देवाला!"

तर हा जो पाय होता, तो नंदकिशोरचा.

झालं होतं असं. तीन पॉइंटांची लाइन तेव्हा नवीनच आली होती. कोर्टावरच्या बाकीच्या लायनी रंगाने रंगवलेल्या. ही मात्र फायनलच्या दिवशी जंक्शनच्या पोरांनी रिंगखाली खिळा मारून, त्याला दोरी बांधून, चुन्याने आखली. या रेषेच्या मागून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट, रेषेवर पाय पडला तर दोनच. शेवटच्या क्षणी जंक्शन दोन पॉइंटांनी पुढे होतं. चेंडू नंदकिशोरच्या हातात आला, त्याने तो सोडला, तो रिंगेत गेला आणि शिट्टी झाली. पंचाने दोन्ही हात वर करून तीन-तीन बोटं दाखवली. येलहंका एका पॉइंटने जिंकलं.

हणमंतरावांचं म्हणणं, पाय लायनीवर होता. दोनच पॉइंट. मॅच बरोबरीत. जादा वेळ द्यायला हवा होता आणि जादा वेळात येलहंक्याला आम्ही सोलून काढलं असतं. पुरावा काय? तर नंदकिशोरच्या बुटाच्या टोकाला चुना लागलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. यावर समोरच्याचं म्हणणं, नंदकिशोरचे बूट पांढरे कॅनव्हासचे होते. शिवाय तो समोरचा म्हणजे हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर. "मी जन्मभर फळ्यावर मोकळ्या हातानं वर्तुळं काढली," तो पलीकडून ओरडे, "तुमची लाइनच वाकडी होती! बटाट्यासारखी!"

"कांद्याचं बोल! बटाट्याचा यार्ड वेगळा!" हणमंतराव इकडून.

तीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं होतं. ट्रॉफी बंद पडली, नंदकिशोर कुठेसा नोकरीला निघून गेला, 'कंब' वारला. इकडच्या पायऱ्यांवरचेही एकेक उतरत गेले. कुणी मुलाकडे म्हैसूरला, कुणी मुलीकडे अमेरिकेला, कुणी कायमचे. तिकडेही तेच. शेवटी इकडे एक आणि तिकडे एक उरला, आणि त्या दोघांनी आपापली बाजू सोडली नाही. येलहंक्याहून पॅसेंजर गाडी पकडून ते गृहस्थ दर रविवारी यशवंतपूर जंक्शनला उतरत, चालत कोर्टावर येत, आपल्या बाजूला बसत, भांडत, आणि परतीच्या गाडीने जात. हणमंतरावांना एकदा मी विचारलं, "तुम्ही दोघं एका बाजूला का बसत नाही? घसा तरी वाचेल."

ते हबकलेच. "कुठल्या बाजूला?"



मी आणखीही एक चूक केली. एका रविवारी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "अण्णा, मला वाटतं पाय लायनीवरच होता." तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता?" मी म्हटलं, तिसरीत. "पुण्यात?" पुण्यात. "मग तुम्हाला काय गोत्तु, काय ठाऊक?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "तुम्ही हो म्हणून काय उपयोग, अण्णा? जो तिथं होता तो नाही म्हणाला पाहिजे."

त्यांचा मुलगा यशोवर्धन शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात कंपनीत आहे. त्याने वडिलांना मोबाइल घेऊन दिला आणि त्यावर अमेरिकेच्या मॅचेस लावून दिल्या. हणमंतरावांनी महिनाभर पाहिल्या. "खेळतात सुंदर," म्हणाले, "पण त्यांचा शत्रू मला ओळखत नाही." आणि मोबाइल चार्जिंगला लावून ठेवला तो ठेवलाच.

मग गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी समोरच्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं.

हणमंतरावांनी नेहमीप्रमाणे पहिली आरोळी दिली. "पाय लायनीवर होता!" आणि उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबले. उत्तर आलं नाही. "गाडी लेट असेल," म्हणाले. दुसरी गाडी आली-गेली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ते आरोळी देत आणि थांबत. आणि ते थांबणं मला बाल्कनीतून ऐकू येई. आरोळीपेक्षा तेच मोठं वाटायचं. मधल्या मुलांनीसुद्धा मान वर करून समोरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. रेडिओ बंद पडला की घरच्यांना तो आठवतो, तसं.

"फोन करून बघा ना," मी म्हटलं.

"नंबर कुठाय? शत्रूचा नंबर कोण ठेवतो?"

"घर?"

"येलहंका."

"येलहंका लाखभर वस्तीचं झालंय, अण्णा. नाव तरी?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग अगदी हळू, सकवारबाईंनी ऐकू नये तसं, म्हणाले, "त्रिविक्रमराव. एकदा त्याच्या शाळेतलं कुणीतरी हाक मारताना ऐकलं होतं. मी ऐकलंय हे त्याला माहीत नाही."

पुढच्या रविवारी आम्ही उलट दिशेची पॅसेंजर धरली. खिडकीशी बसून हणमंतराव म्हणाले, "हा ह्या बाजूनं यायचा तर." तीस वर्षांत त्यांनी ही लाइन त्या टोकाकडून पाहिलीच नव्हती. येलहंक्याच्या जुन्या गावात एका किराणा दुकानात मी विचारलं, ड्रॉइंग मास्तर? दुकानदाराने "मेष्ट्रु?" म्हणून हात पसरून दाखवला: ती गल्ली, निळं दार, समोर शिंप्याचं दुकान.

दार एका चाळिशीच्या बाईंनी उघडलं. "कोण हवंय?"

आता हणमंतराव अडले. आपण कोण हे त्यांना सांगताच येईना. मित्र म्हणावं तर खोटं. शेवटी म्हणाले, "मी... यशवंतपूर."

"अय्यो!" बाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही होय ते! मी संयोगिता, मुलगी. अहो, तुम्हाला कसं कळवायचं हेच कळेना. अप्पा नुसतं 'यशवंतपूर, यशवंतपूर' म्हणतात. मी यशवंतपुरात कुणाला फोन करणार? स्टेशनमास्तरला?"

पक्षाघाताने त्रिविक्रमरावांची उजवी बाजू गेली होती. बोलणं येत होतं, पण एकेका शब्दाला जोर लावून. डॉक्टर म्हणत होते सुधारेल, व्यायाम करा. दर रविवारी सकाळी विचारतात, गाडी गेली का. हे सगळं संयोगिताबाईंनी पॅसेजमध्ये सांगितलं आणि आम्हाला आत नेलं.

त्रिविक्रमराव खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. तो 'ठेवलेला' होता हे दिसत होतं. हणमंतराव दारातच थांबले. या माणसाला त्यांनी जवळून कधी पाहिलंच नव्हतं. कोर्टाच्या रुंदीइतकं अंतर नेहमी मधे. आणि आता पलंगाशेजारी एकच खुर्ची. ते तिच्यावर बसले तेव्हा मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवर बसलेत.

त्रिविक्रमरावांचा चेहरा उजळला. अर्धाच, पण उजळला. सावकाश म्हणाले, "आलास... यशवंतपूर."

"आलो."

"मग... बोल की." डावी भुवई वर गेली. "पाय."

समोर चेंडू टाकला होता. नुसता झेलायचा होता. मी मनात म्हटलं, द्या आता आरोळी, घर दणाणू द्या, बाई रागावल्या तर मी बघतो. पण हणमंतराव त्या मांडीवरच्या हाताकडे बघत होते. त्यांनी घसा साफ केला. लिलावात दीडशे माणसांवरून जाणारा तो आवाज, तो मला शेजारी उभं राहूनही नीट ऐकू आला नाही.

"त्रिविक्रमराव," ते म्हणाले, "पाय लायनीच्या मागं होता. तीनच पॉइंट. बरोबर दिले पंचानं."

 शिंप्याच्या दुकानातलं मशीन तेवढं बाहेर वाजत होतं.

मग त्रिविक्रमरावांनी मान वळवली. "संयोगिता."

"काय, अप्पा?"

"डॉक्टर... तुला एकटीला... काय म्हणाला?"

"काही नाही हो. व्यायाम करा म्हणाला."

"खोटं." त्यांनी डाव्या हाताने हणमंतरावांकडे बोट केलं. "ह्यानं... माझं नाव घेतलं. नाव! आणि म्हणतो... पाय मागं होता. मी मरतोय... म्हणून सांगून बसलाय डॉक्टर... ह्याला!"

"अहो मला कुणी काही सांगितलं नाही," हणमंतराव गडबडून उभे राहिले, "मी आपलं—"

"जा." त्रिविक्रमरावांनी तोंड भिंतीकडे केलं. "तीस वर्षं... सांभाळून ठेवलं... आणि हा फुकट देतो."

आम्ही चहा न घेता निघालो. संयोगिताबाई दाराशी म्हणाल्या, "रागावू नका, आजारात होतं असं." हणमंतरावांनी नुसती मान हलवली. त्यांना ते आजारातलं वाटलं नव्हतं हे मला कळत होतं.

परतीच्या गाडीला वेळ होता. येलहंक्याच्या फलाटावर बाकावर बसून ते म्हणाले, "बायकोशी खोटं बोललो असेन. मार्केटात तर पोटासाठी बोलायचो. बास्केटबॉलमध्ये पहिल्यांदा बोललो."

"चांगल्या मनाने बोललात, अण्णा."

"चांगल्या मनानं काय होतंय?" ते रुळांकडे बघत होते. "एका वर्षी ह्यांची लॉरी वाटेत हेब्बाळपाशी बंद पडली होती. वेळ टळली. पंच म्हणाले, येलहंका आलं नाही, वॉकओव्हर, ट्रॉफी तुमची. तेव्हा मीच उठून ओरडलो होतो, वॉकओव्हर घेणार नाही! थांबा म्हणावं! सगळ्या पायऱ्या माझ्यामागं उठल्या. अंधार पडेस्तोवर थांबलो. ते आले, खेळले आणि आम्हालाच हरवून गेले. पण आमच्या दोघांत वॉकओव्हर कधी झाला नाही. घ्यायचा नाही, द्यायचा नाही." मग जरा वेळाने, "आज मी दिला. तो समोर उभा होता, अण्णा. जमेल तसा, पण उभा होता. आणि मी कोर्ट सोडून आलो."

गाडी आली. यशवंतपूर आलं. उतरताना एवढंच म्हणाले, "आता तोही भांडणार नाही. मग ती मॅच झाली होती हे कुणाला माहीत?"

पुढच्या रविवारी खाली नुसता चेंडूंचा आवाज येत होता. मी दोनदा बाल्कनीत गेलो. अलीकडच्या पायऱ्याही मोकळ्या. कोचिंगच्या सरांनी मला बघून खुणेने विचारलं, कुठायत? मी हात हलवले. शुभदाने उपीट केलं ते डब्यात घालून मी हणमंतरावांच्या घरी नेलं. ते आरामखुर्चीत बसले होते. यशोवर्धनचा फोन येऊन गेला होता. बाबा, इकडे राहायला या, एकटे काय करता तिथे, म्हणाला होता. "जाईन म्हणतो," हणमंतराव म्हणाले. "इथं राहून तरी काय." उपीट त्यांनी दोन घास खाल्लं. त्या घरात घड्याळाचा आवाज फार होता. मी मूर्खासारखं विचारलं, "इस्त्रीचं खरं नाव काय होतं हो?" ते म्हणाले, "मला कुठं माहीत?" आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

आठवडा गेला. पुढच्या रविवारी सकाळी आमच्या दारावर थाप पडली. हणमंतराव दाढी करून, धुतलेला शर्ट घालून उभे. "चला."

"कुठे?"

"अवे मॅच," ते म्हणाले. परक्या कोर्टावरच्या मॅचचा हा शब्द त्यांनी अमेरिकेच्या मॅचेसमधून उचलला असणार. त्या महिन्याचं तेवढं तरी चीज झालं.

येलहंक्याच्या त्या गल्लीत शिरल्यावर मी सरळ निळ्या दाराकडे निघालो, तर त्यांनी माझी बाही धरली. "तिकडं कुठं? ती त्यांची बाजू." शिंप्याचं दुकान त्या दिवशी बंद होतं. त्याच्या पायरीवर ते बसले. मला शेजारी बसवलं. समोर, गल्लीच्या रुंदीपलीकडे, त्रिविक्रमरावांची खिडकी. पडदा ओढलेला.

हणमंतरावांनी दोन्ही हात तोंडाशी नेले.

"ए येलहंका! पाय लायनीवर होता!"

पहिली आरोळी घशातच फाटली. कित्येक दिवस वापर नव्हता. दोन घरांतून माणसं बाहेर आली. एका आजीबाईंनी कन्नडमध्ये विचारलं, कोण हवंय? हणमंतरावांनी त्यांना नमस्कार केला आणि कन्नडमध्येच सांगितलं, कुणी नकोय, इथं स्वल्प बसतो. मग पुन्हा, या वेळी मार्केट यार्डातला तो मूळचा आवाज, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत:

"काय रे येलहंका! ऐकू येत नाही का? पाय लायनीवर होता! दोनच पॉइंट! परवा मी काय बोललो ते गणतीत नाही! परक्या कोर्टावर बोललेलं गणतीत नाही!"

आणि ते थांबले. उत्तराला लागतो तेवढा वेळ. मग त्याहून जास्त. पडदा तसाच होता. हणमंतरावांचे हात गुडघ्यांवर आले. मी त्यांच्याकडे न बघता शिंप्याच्या दुकानावरची पाटी वाचत राहिलो, ती मला वाचता येत नसूनही.

पडदा हलला. आधी संयोगिताबाई दिसल्या. त्यांनी पडदा पूर्ण बाजूला केला, मागच्या उशा वर सरकवल्या. त्रिविक्रमराव खिडकीत दिसू लागले. त्यांचे ओठ हलत होते. मोठ्याने बोलत असावेत, मानेच्या शिरा दिसत होत्या. पण शब्द गल्ली ओलांडून येत नव्हता. मधून एक टेम्पो आला, तोही गेला, तरी काही आलं नाही.

"काय म्हणतो?" हणमंतराव मला विचारू लागले. "काय म्हणतो तो? चुना म्हणतो का?"

"ऐकू येत नाही, अण्णा."

तेव्हा त्रिविक्रमरावांनी बोलणं सोडलं. डावा हात उचलला. एक बोट वर केलं. दुसरं केलं. तिसऱ्याला जरा वेळ लागला, ते वाकलेलं राहत होतं, ते त्यांनी खिडकीच्या गजाला लावून सरळ केलं. मग तीन बोटं, पंचासारखी, डोक्याच्या वर.

"बघा! बघा!" हणमंतराव जागचे उठले. "अजून तीनच म्हणतो! निर्लज्ज! चुना बघितलाय मी! ह्या डोळ्यांनी!"

तीन बोटं खाली येईनात. हात थरथरत होता, पण खाली येईना. हणमंतराव आणखी एक आरोळी द्यायला तोंड उघडणार, तोच त्यांनी त्या हाताकडे नीट पाहिलं. तोंड मिटलं. आपण ओरडलो की त्याला हात वर धरावा लागणार, हा हिशेब त्यांच्या मनात झालेला मी पाहिला.

त्यांनी एका हाताचा तळवा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून उभी टेकवली. टाइम आऊट.

समोरून हीच खूण परत करायची पद्धत असते. तिला दोन हात लागतात. त्रिविक्रमरावांनी डावा हात खाली घेतला, मांडीवर, उजव्याच्या शेजारी ठेवला, आणि मान हलवली.

हणमंतराव पायरीवर बसले. मला म्हणाले, "सरका स्वल्प." त्या पायरीवर भरपूर जागा होती. मी सरकलो. संयोगिताबाईंनी खिडकीतून हातानेच विचारलं, कॉफी? हणमंतरावांनी हातानेच सांगितलं, नको, तिकडची नको. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. मी घड्याळ दाखवलं, त्यांनी पाहिलं नाही. ते खिडकीकडे बघत बसले होते आणि खिडकी त्यांच्याकडे.